फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

वसई तालुक्यातील भुईगाव हे समुद्राकाठचे गाव. अशा गावातल्या जुन्या घराची वायरिंग नव्याने करायची ठरली, की मीटरजवळच्या बोर्डाचा प्रश्न येतो. चिनी मातीचे किटकॅट फ्यूज काढून तेथे काय बसवायचे? उत्तरासाठी आपण थोडे इतिहासात डोकावू. आजच्या बोर्डातला प्रत्येक भाग एका वेगळ्या धोक्यावर शोधलेला उपाय आहे.

तारेतून प्रवाह वाहिला की ती तापते. प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट होते. 1880 साली एडिसनने यावरच्या उपायाचे पेटंट घेतले. मंडलात मुद्दाम एक दुबळा तुकडा ठेवायचा. प्रवाह वाढला की आधी तो वितळेल आणि उरलेली तार वाचेल. म्हणजे फ्यूज रक्षण करतो ते तारेचे. त्याच्या जागी कोणी जाड तार गुंडाळली, की भिंतीतली तार हाच मंडलाचा दुबळा भाग ठरतो आणि आग तेथे लागू शकते.

आपल्याकडे 1915 साली टाटांच्या खोपोली केंद्रातून मुंबईला जलविद्युत मिळू लागली. 1960 साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढील दशकांत वीज खेडोपाडी पोचली. तेव्हा घराची गरज चार दिवे, एखादा पंखा, रेडिओ एवढीच असे. 60 वॅटचा दिवा 230 व्होल्टवर सुमारे पाव अँपिअर घेतो. 2000 वॅटचा गीझर जवळजवळ 9 अँपिअर. एक गीझर म्हणजे तेहतीस दिवे! म्हणूनच नव्या आराखड्यात दिवे-पंखे, सॉकेट, गीझर, पंप यांची मंडले वेगळी काढतात.

1924 साली जर्मनीत ह्यूगो श्टोट्झच्या कंपनीने आजच्या एमसीबीच्या पूर्वजाचे पेटंट घेतले. त्यात दोन युक्त्या एकत्र आहेत. प्रवाह थोडा जास्त असेल, तर दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि मंडल तोडते; शॉर्ट सर्किट झाले, तर विद्युतचुंबक ते क्षणात तोडतो. पुन्हा तार बांधायची गरज उरली नाही. पण एमसीबीही राखण करते ती तारेचीच.

मग माणसाचे काय? समजा, पंपाच्या आत गळती होऊन त्याच्या धातूच्या आवरणात वीज उतरली. भुईगावसारख्या किनारी भागात उन्हाळ्यात वरची वाळू कोरडी होते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. तो 40 ओहम धरला, तर जमिनीत जाणारा प्रवाह 230 भागिले 40, म्हणजे पावणेसहा अँपिअर. 16 अँपिअरची एमसीबी ढिम्म राहील, आणि आवरण जिवंतच राहील. माणसाच्या शरीरातून तर 0.1 अँपिअर प्रवाहही जीव घेऊ शकतो. तो एका दिव्याच्या प्रवाहापेक्षा कमी आहे. फ्यूजला त्याची दखल लागणार कशी?

यावरचा उपाय 1950च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन आणि ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगेलमायर यांच्या कामातून आकाराला आला. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच चुंबकीय कड्यातून नेतात. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा असेल, तर त्यांचे परिणाम परस्परांना रद्द करतात. काही प्रवाह वाट चुकून जमिनीत गेला, तर फरक पडतो. घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरच्या फरकाला पुरवठा तोडते. मात्र कोणी फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले, तर तिला फरक दिसत नाही. अर्थिंगही तिच्यामुळे अनावश्यक ठरत नाही.

तेव्हा वायरिंगचा आराखडा करताना क्रम असा ठेवावा: आधी उपकरणांचे अँपिअर मोजावेत, मग तारेची जाडी ठरवावी, मग त्या तारेला झेपेल एवढीच एमसीबी निवडावी, आणि सर्वांच्या आधी आरसीसीबी असावी. प्रत्यक्ष काम परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

वर्गात एक गृहपाठ देता येईल. विद्यार्थ्यांनी काहीही न उघडता घरच्या उपकरणांवरील वॅट वाचावेत, प्रत्येकाचे अँपिअर काढावेत आणि बोर्डावरील आकड्यांशी ताडून पाहावेत. आरसीसीबी असेल, तर तिचे ‘टी’ बटण मोठ्या माणसाने दाबून दाखवावे. खटका पडला नाही, तर तंत्रज्ञाला त्याच दिवशी बोलवावे.