दाव्हिदचा अपुरा पट

खर्डा हातीं आला म्हणजे त्यांतील खाडाखोड अस्सल पत्राहूनही अधिक सांगून जाते, हा संशोधकांचा नित्याचा अनुभव आहे. चित्रांच्या बाबतींतही तेंच खरें, असें आमचें मत आहे.

फ्रेंच चित्रकार झाक लुई दाव्हिद (१७४८–१८२५) यानें २० जून १७८९ रोजीं व्हर्साय येथें टेनिसच्या प्रांगणांत लोकप्रतिनिधींनीं घेतलेल्या शपथेचें भव्य चित्र योजिलें. त्याचें शाईचें रेखाचित्र पॅरिसच्या १७९१ च्या प्रदर्शनांत मांडलें गेलें. मोठा पट मात्र अपुराच राहिला. तो व्हर्साय येथें आहे. त्यावर प्राचीन शिल्पांच्या धर्तीवर देह प्रथम नग्न रेखिले असून वस्त्रें मागाहून चढवावयाचीं होतीं. मिराबो, बार्नाव्ह अशीं मोजकींच मुखें रंगविलेलीं आहेत.

पट अपुरा कां राहिला? वर्गणी पुरेशी जमली नाहीं, हें एक कारण. परंतु १७९२ त मिराबोचें राजाशीं असलेलें गुप्त संधान उघडकीस आलें; १७९३ त बार्नाव्ह व शपथ वाचणारा अध्यक्ष बायी या दोघांचाही गिलोटिननें शिरच्छेद झाला. कालचे वीर द्रोही ठरल्यावर त्यांचीं मुखें रंगवावीं कशीं?

येथें एक सावधगिरी अवश्य बाळगावी. दाव्हिद त्या प्रसंगीं हजर नव्हता. आणि रेखाचित्रांत अग्रभागीं दिसणारा ख्रिस्ती यति दोम जेर्ल हाही त्या दिवशीं तेथें नव्हता. सबब हें चित्र १७८९ च्या घटनेचा पुरावा नव्हे. १७९१ तील आशेचें मात्र तें अव्वल दर्जाचें साधन होय.