पांढऱ्या पट्ट्यांची कुळकथा

झेब्रा हा प्राणी आपल्या मुलखातला नव्हे. पण त्याचे पट्टे मात्र आपल्या चौकाचौकांत येऊन पडले आहेत. दूध आणायला निघालेले गृहस्थ, शाळेची पोरे, देवळाकडे निघालेल्या आजीबाई, सारी त्यांच्याच भरवशावर रस्त्यात पाऊल टाकतात. (आमच्या गल्लीच्या तोंडाशी ते इतके पुसट झाले आहेत, की ज्याला आधीपासून ठाऊक आहेत त्यालाच दिसावेत!) हे पट्टे आले कोठून, याचा माग काढावा असे फार दिवस मनात होते. तो काढता काढता मी थेट लंडनला जाऊन पोचलो. अर्थात पुस्तकांच्या वाटेने.

१८९६ सालच्या ऑगस्टची १७ तारीख. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची ४४ वर्षांची बाई आपल्या लेकीसह चालली होती. समोरून मोटार आली आणि बाई तिच्याखाली सापडली. मोटारीने पायी चालणाऱ्याचा बळी घेतल्याची इंग्लंडातली ही पहिली नोंद. गाडी ताशी ४ मैलांनी चालली होती, असे चालकाचे म्हणणे. पाहणाऱ्यांना मात्र ती भरधाव वाटली. ताशी ४ मैल म्हणजे एखाद्या तरतरीत माणसाची चाल! पण मोटार ही वस्तूच तेव्हा इतकी नवी, की तिच्या वेगाचा अदमास कोणाला यावा? पंचांनी अपघाती मृत्यू ठरवला. असे पुन्हा कधी न घडो, अशी इच्छा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने बोलून दाखवली. आणि अवघ्या तीन महिन्यांत नवा कायदा लागू होऊन वेगाची मर्यादा ताशी १४ मैलांवर गेली.

पुढे तर गंमतच झाली. १९३० च्या कायद्याने मोटारींवरची वेगमर्यादाच उठवली. त्याची फळे दिसायला वेळ लागला नाही. १९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली, आणि त्यांतली निम्म्याच्या आसपास पायी चालणारी होती.

त्याच वर्षी लेस्ली होर-बेलिशा हे वाहतूकमंत्री झाले. मंत्र्यांना पायी चालण्याचा प्रसंग सहसा येत नाही, यांना आला. कॅम्डन हाय स्ट्रीट ओलांडत असताना एक मोटार त्यांच्या अगदी जवळून सुसाट गेली आणि मंत्रिमहाशय थोडक्यात बचावले. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खांबावर नारिंगी गोल बसवून रस्ता ओलांडण्याच्या जागा त्यांनी ठळक केल्या. लोकांनी त्या खांबांना मंत्र्यांचेच नाव देऊन टाकले. चित्रात हे खांब पाहिले, की मला दारापुढे उंच काठीला टांगलेल्या आकाशकंदिलाची आठवण होते. पहिले गोल काचेचे होते. तेव्हा तिथल्या व्रात्य पोरांनी त्यांचे काय केले, हे दिवाळीत ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांना सांगायला नको. १९३५ मध्ये वस्तीच्या रस्त्यांना ताशी ३० मैलांची मर्यादाही परत आली.

या व्यवस्थेत एक मेख होती, ती मला वाचता वाचता जाणवली. या जागेपुरता मान पायी चालणाऱ्याचा, असे म्हणताना उरलेला सारा रस्ता मोटारीचा हेही न बोलता ठरून गेले. हजारो वर्षे सगळा रस्ता ज्याचा होता, त्याच्या वाट्याला आता एक पट्टी आली, आणि त्या पट्टीसाठीही त्याने आभार मानायचे!

ती पट्टीही मोटारवाल्याला दिसत नसे. तिच्या दोन्ही कडांना रस्त्यात केवळ धातूच्या खुंट्या ठोकलेल्या असत, आणि दुरून येणाऱ्या चालकाला त्या कशा दिसाव्यात? म्हणून १९४९ मध्ये सुमारे हजार ठिकाणी निरनिराळ्या रंगांचे पट्टे ओढून पाहिले. कोठे निळा-पिवळा, कोठे लाल-पांढरा. काळ्या डांबरावर पांढरा रंगच सरस ठरला. त्याला झेब्र्याची उपमा जेम्स कॅलाहन यांनी दिली, असे सांगतात. ते तेव्हा वाहतूक खात्यात होते, पुढे पंतप्रधान झाले. ३१ ऑक्टोबर १९५१ रोजी लंडनजवळच्या स्लाव गावी पहिला रीतसर झेब्रा रस्त्यावर उतरला. १९६९ मध्ये बीटल्स मंडळी ॲबी रोडवरच्या पट्ट्यांवरून चालली, त्या छायाचित्राने तर पट्ट्यांना तीर्थक्षेत्राची कळा आली; २०१० मध्ये त्या जागेला संरक्षित वास्तूचा दर्जाही मिळाला.

पट्ट्यांना मान मिळाला, चालणाऱ्याला अजून मिळायचा होता. पाऊल पट्ट्यावर पडले तरच चालकाने थांबायचे, असा तिथला नियम. म्हणजे आधी जीव पुढे करायचा आणि मग हक्क मागायचा. पट्ट्याशी नुसते वाट पाहत उभ्या असलेल्या माणसासाठीही थांबावे, असे त्यांच्या रस्ता-नियमावलीने सांगितले ते २०२२ मध्ये.

आपल्याकडे २०२० मध्ये मुंबईच्या दादर भागात पादचाऱ्यांच्या दिव्यांत पुरुषाच्या जागी झग्यातली बाई झळकली, तेव्हा मोठे कौतुक झाले. मलाही आनंद वाटला. तरी हिरवा दिवा लागल्यावर डाव्या हाताने वळणारी गाडी थांबते की नाही, हे मी अजून आधी पाहतो आणि मगच नातीचा हात धरून पुढे होतो.