तळटीप : ‘हिरवा पडदा’
आयबीएमच्या एएस/४०० (१९८८) या मध्यम आकाराच्या संगणकाचा ५२५० टर्मिनल. तो दर कळीमागे यंत्राला त्रास देत नाही. २४ ओळींचा, ८० रकान्यांचा पडदा जागेवर भरायचा आणि एन्टर दाबून एकदम धाडायचा. मूळ जोडणी ट्विनॅक्स केबलची. पुढे पीसीवरचा प्रोग्रॅम नेटवर्कवरून याच टर्मिनलचे सोंग घेऊ लागला. ती रीत, टीएन५२५०, १९९१च्या आरएफसी १२०५मध्ये नोंदली आहे. पाया टेलनेटचाच, फक्त अक्षरे आस्कीत नव्हे, एब्सिडिकमध्ये जातात, म्हणून दोन्ही बाजू आधी बायनरी वहन ठरवून घेतात. साध्या टेलनेटवर पासवर्ड उघडाच जातो, ही मोठीच उणीव. शिवाय ‘फील्ड एक्झिट’ ही कळ पीसीच्या कीबोर्डवर नाही. तिचे काम दुसऱ्या कळीला द्यावे लागते.