धमनीच्या भिंतीचा प्रतिध्वनि

पुण्याहून साताऱ्याकडे निघालें म्हणजे वाटेंत भोर तालुक्यांतील कामथडी लागते. तेथील रहदारी दुरून पाहिली तर वाट मोकळी आहे कीं अडली आहे, हें कळेल. परंतु रस्त्याखालची माती खचत आहे किंवा कसें, हें कळणार नाहीं. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांची परीक्षा कित्येक वर्षें अशीच, केवळ रहदारी पाहून, होत असे.

१९२९ सालीं जर्मनींतील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरांनीं स्वतःच्याच हाताच्या शिरेंतून हृदयापर्यंत नळी सरकविली. १९५८ सालीं अमेरिकेंत मेसन सोन्स यांच्या हातून हृदयाच्या धमनींतच औषध सोडून क्ष-किरणांचें चित्र घेण्याची पद्धति निघाली. अँजिओग्राफी ती हीच. तींत प्रवाहाची छाया दिसते. भिंत दिसत नाहीं. १९८७ सालीं शिकागो येथील सेमूर ग्लागोव्ह व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, भिंतींत मेदाचा थर सांचूं लागला म्हणजे धमनी प्रथम बाहेरच्या अंगास फुगते. थरानें सुमारें ४० टक्के जागा व्यापीपर्यंत वाट बहुधा अरुंद होतच नाहीं. म्हणजे छाया निर्दोष, आणि भिंत मात्र रोगट!

ही भिंत पाहण्याचा उपाय प्रतिध्वनींत होता. कांहीं स्फटिक दाबले असतां त्यांत वीज उत्पन्न होते, हें क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें होतें. उलट, वीज दिली कीं ते कंप पावतात. या गुणावर सोनोग्राफी चालते. ध्वनीची कंपनसंख्या वाढविली तर चित्र सूक्ष्म होतें, पण ध्वनि फार खोल जात नाहीं. छातीवरून हृदय पाहतांना सेकंदास कांहीं दशलक्ष कंपनांवरच थांबावें लागतें. धमनीच्या आंत गेल्यावर भिंत एकदोन मिलिमीटरांवरच असते. म्हणून तेथें २ ते ६ कोटी कंपनें चालतात. ४ कोटींस लहरीची लांबी सुमारें ०.०४ मिलिमीटर भरते.

मात्र त्यासाठीं स्फटिकासारख्या गुणाची चिनी मातीची चकती सुमारें ०.०५ मिलिमीटर जाडीची, आणि तिला वाहणारी नळी सुमारें एक मिलिमीटर व्यासाची हवी. शिवाय ३ मिलिमीटरांवरील प्रतिध्वनि सेकंदाच्या चार दशलक्षांश भागांत परत येतो. तोंवर चकतीचा स्वतःचा नाद थांबला पाहिजे. घंटेवर हात ठेवावा, तसा नाद शोषणारा थर तिच्या पाठीशीं बसवितात.

रॉटरडॅम येथील निकोलास बोम व सहकाऱ्यांनीं १९७२ सालीं नळीच्या टोकाभोंवतीं ३२ चकत्यांचें कडें बसवून दाखविलें. तें हृदयाच्या पोकळीसाठीं होतें. पुढें १९८० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील पॉल यॉक यांनीं एकच चकती फिरती ठेवण्याची युक्ति योजिली. ती सेकंदास ३० फेरे घेते, आणि प्रत्येक फेऱ्यांत धमनीचा एक आडवा छेद पडद्यावर उमटतो.

या साधनाची खरी कसोटी मिलान येथें लागली. धमनींत बसविलेल्या स्टेंटच्या जाळीवर रक्त गोठूं नये म्हणून त्या काळीं रोग्यांस रक्त पातळ करणारीं जबर औषधें देत. अंतोनिओ कोलोंबो यांनीं आंतून पाहिलें, तों छायेंत ठीक दिसणाऱ्या अनेक जाळ्या पुरत्या उघडलेल्याच नव्हत्या. अधिक दाबानें त्या उघडल्यावर तीं जबर औषधें न देतांही गुठळीचें भय फार कमी राहिलें. १९९५ सालीं हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोष जाळीचा अथवा रक्ताचा नव्हता. जाळी भिंतीस टेकली कीं नाहीं, हेंच तोंवर कोणास दिसत नव्हतें.