‘आज खिचडीच?’

लाडू, चकल्या, अनारसे यांवर तीन दिवस यथेच्छ हात मारून झाला, की भाऊबीजेच्या रात्री घरोघर एकच मागणी होते: “आता काही नको, मऊ खिचडी टाक!” एरवी मात्र याच खिचडीचे स्वागत कसे होते? आमचे वडील कचेरीतून येत, पानाकडे पाहत आणि म्हणत, “आज खिचडीच?” त्या ‘च’मध्ये केवढा तरी हिरमोड असे. आई काही बोलत नसे. पानात तुपाची धार तेवढी जरा सढळ पडे.

खिचडीला आपल्याकडे पूर्वीपासून मान नाही. भाषेतच पाहा ना! विचारांचा गोंधळ झाला की ‘डोक्यात खिचडी’, आणि काम रखडले की ‘बिरबलाची खिचडी’. पण इतिहासाची पाने चाळली, तर हिची कुळी चांगलीच जुनी आणि मातब्बर निघते.

संस्कृतात ‘कृसर’ नावाने तांदूळ आणि तीळ वा डाळ एकत्र शिजवण्याचा प्रकार आढळतो. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने मूग-तांदळाची ‘किश्री’ पाहिली. लोक ती तूप घालून रोज सकाळी खातात, असे त्याने लिहून ठेवले. पुढच्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी आपल्या चौलला उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला राहिला. त्याच्या लिखाणातही खिचडी आहे. पण ती घोड्यांच्या तोबऱ्यात! यावरून वडिलांच्या ‘च’ला आधार मिळतो असे कोणी म्हणू नये.

कारण तीच खिचडी पुढे बादशहाच्या मुदपाकखान्यात पोचली. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त तिचे मापच दिले आहे: तांदूळ ५ शेर, डाळ ५ शेर आणि तूपही ५ शेर! मीठ मात्र एक तृतीयांश शेर. बिरबलाची खिचडी गोष्टीत शिजली नाही. अकबराच्या घरची मात्र अशी तुपात पोहत होती. जहांगीरला गुजरातच्या मुक्कामात बाजरीची खिचडी इतकी रुचली, की मांस वर्ज्य असलेल्या दिवशी ती वाढण्याची त्याने आज्ञा दिली. तोच पदार्थ फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याला गरिबांच्या रात्रीच्या जेवणात दिसला. इंग्रजांनी तर तिच्यात मासे आणि उकडलेली अंडी घालून ‘केजरी’ केली आणि सकाळच्या न्याहारीला मायदेशी नेली.

बादशहा आणि शेतकरी एका पंक्तीला बसावेत, असे हिच्यात काय आहे? तांदळात जे पोषक घटक कमी, ते डाळीत भरपूर, आणि डाळीत जे उणे, ते तांदळात. शिवाय एक चूल, एक पातेले. मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ. जरा परतून आधणाचे पाणी आणि मीठ घालावे, झाकण ठेवावे. मग शिजवणारीला जरा टेकता येते.

हे टेकणे मात्र कुठल्याच ग्रंथात नाही. प्रवाशांनी खिचडी पाहिली, बादशहांनी चाखली. चुलीपुढे बसलेल्या बाईचा थकवा कोणी टिपून ठेवला नाही.

एका वर्षी ऐन दिवाळीनंतर आई तापाने अंथरुणाला खिळली. वडिलांनी स्वतः खिचडी टाकली. ती खाली लागली, वर कच्ची राहिली. आईने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, “छान झालीय.” वडील बराच वेळ ते करपलेले पातेले घासत बसले.

त्यानंतर आमच्या घरी खिचडी पुष्कळदा झाली. पण तो ‘च’ पुन्हा कधी ऐकू आला नाही.