लोको आणि त्याच्या किनाऱ्यावरची माणसं : प्रस्तावना

मासेमारी म्हटलं की डोळ्यांसमोर जाळी आणि होड्या येतात. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरून शंखवर्गातले प्राणी वेचणारी माणसं त्या चित्रात सहसा नसतात. त्यांची रीत मात्र फार जुनी आहे, आणि माणसाच्या भुकेचं समुद्राशी असलेलं नातं तिच्यात जितकं जवळून दिसतं तितकं इतरत्र क्वचितच दिसेल. या विषयाकडे तुम्ही प्रथमच वळत असाल, तर सुरुवात चिलीच्या लोकोपासून करावी, असं मी आग्रहाने सुचवेन.

लोको ही चिली आणि पेरूच्या किनाऱ्यावरची मांसाहारी समुद्री गोगलगाय. तिचा जाड, मांसल पाय लोक आवडीने खातात. धरण्याजोगी, म्हणजे सुमारे १० सेंटीमीटरची व्हायला तिला चार-पाच वर्षं लागतात. किनाऱ्यावरची माणसं हजारो वर्षं ती खात आली. १९७०च्या दशकात परदेशी मागणी वाढली आणि पाणबुडे अधिक खोल उतरू लागले. १९८० साली सुमारे २५,००० टन लोको निघाले. पुढे उत्पादन घसरत गेलं, आणि १९८९ ते १९९२ या काळात लोको काढण्यावर पूर्ण बंदी घालावी लागली.

वाचकांनी थोडं रेंगाळावं ते चिलीच्या किनाऱ्यावरच्या लास क्रूसेसच्या खडकांपाशी. सागरी जीवशास्त्रज्ञ हुआन कार्लोस कास्तिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२च्या अखेरीस तिथला थोडासा किनारा वेचणाऱ्यांसाठी बंद केला. काही वर्षांतच लोको वाढले. आपल्याकडच्या शिनाण्यांच्या कुळातले छोटे शिंपले खडकांवर दाट बसलेले होते; लोकोंनी ते फस्त केले, आणि मोकळ्या जागेवर बार्नेकल हे छोटे कवचधारी जीव चिकटले. खडकाचं रूपच पालटलं. तोवर निसर्गाचं म्हणून जे वर्णन होत होतं, त्यात माणसाचा हात आधीपासूनच होता. मला हा प्रयोग या साऱ्या अभ्यासाचा पाया वाटतो.

१९९१च्या मासेमारी कायद्याने या समजुतीला व्यवहाराची जोड दिली. मच्छीमारांच्या संघटनांना समुद्रतळाचे ठरावीक पट्टे मिळू लागले. आधी जीवशास्त्रज्ञांकडून पाहणी, मग व्यवस्थापनाचा आराखडा, मग किती लोको काढायचे याची मर्यादा, असा क्रम ठरला. चांगल्या राखलेल्या पट्ट्यांत लोको परतले. चोरटी वेच मात्र थांबली नाही, पट्ट्यांबाहेरच्या खडकांवरचा ताणही राहिला.

म्हणून वाचताना आकड्यांच्या आधी माणसं पाहा. पट्टा कुणाला मिळाला, संघटनेबाहेरच्या वेचणाऱ्यांचं काय झालं, रात्रीच्या पहाऱ्याचा खर्च कोण सोसतं, भाव पडला की तो पहारा टिकतो का, हे विचारत पुढे जा. जीवशास्त्र शिकलेलं नसेल तरी बिचकू नका. कायदा, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्राच्या वाटेने येणाऱ्यांना यातले कितीतरी प्रश्न अधिक लवकर उमगतात.