हिंसापीडित-सहाय्य : समाजकार्यकर्त्यांचे प्रशिक्षण

बलात्कार, कौटुंबिक मारहाण, ॲसिडहल्ला, प्राणघातक हल्ला यांसारख्या गुन्ह्यांना बळी पडलेल्या व्यक्तीला व तिच्या कुटुंबीयांना पोलीस ठाणे, रुग्णालय आणि न्यायालय या तिन्ही ठिकाणी आधार देता यावा, म्हणून समाजकार्यकर्त्यांना दिले जाणारे व्यावसायिक शिक्षण. समाजकार्याचे औपचारिक शिक्षण भारतात १९३६ मध्ये मुंबईच्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयात (पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था) सुरू झाले. १९८४ मध्ये याच संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने पोलीस यंत्रणेच्या आवारातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला आणि या क्षेत्रातील प्रशिक्षणाला प्रत्यक्ष कामाचे ठिकाण मिळाले. कार्यकर्ता पोलिसांच्या छपराखाली बसतो, पण पोलिसांचा माणूस नसतो, हे या कक्षामागचे सूत्र असून प्रशिक्षणातला सर्वांत अवघड धडाही तोच आहे.

पोलीस जबाब घेतात तो पुराव्यासाठी. कार्यकर्ता ऐकतो ते पीडितेला पुढचा निर्णय स्वतः घेता यावा म्हणून. आघातानंतर (जिवावर बेतलेल्या प्रसंगाचा मनावर झालेला खोल परिणाम) घटनांचा क्रम अनेकदा विस्कळीत आठवतो, हे माहीत नसलेल्या माणसाला ती विसंगती खोटेपणाची खूण वाटते. त्यामुळे ‘तेव्हाच का सांगितले नाही?’ हा प्रश्न टाळणे, मध्ये न तोडणे, नोंद पीडितेच्याच शब्दांत करणे, नातेवाइकांना काही वेळ बाहेर बसवणे, या वरकरणी किरकोळ गोष्टींचा सराव भूमिकानाट्यातून पुन्हा पुन्हा करून घेतला जातो. समेट घडवण्याचा मोह हा त्याहून मोठा धोका होय. घर सावरण्याच्या नावाखाली मारहाण झालेल्या स्त्रीला परत पाठवणे हे समुपदेशन नव्हे, हे नवशिक्यांना आवर्जून सांगावे लागते.

कायद्याचे ज्ञान येथे पाठांतरापुरते उपयोगी नाही. प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मिळते, रुग्णालयाला उपचार नाकारता येत नाहीत, महाराष्ट्र शासनाच्या २०१३ मधील मनोधैर्य योजनेतून अर्थसहाय्य मागता येते, हे योग्य टेबलापाशी योग्य वेळी सांगता आले पाहिजे. बालकांच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गोपनीयतेला मर्यादा घातली आहे : लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे कार्यकर्त्यावरही बंधनकारक असल्याने, ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मुलाला देऊ नये. याच कायद्याखालील नियमांनुसार नेमलेली ‘सहाय्यक व्यक्ती’ तपासापासून खटला संपेपर्यंत मुलाच्या सोबत असते. रुग्णालयांतील कामाचा नमुना वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातील ‘दिलासा’ केंद्राने घालून दिला.

इतरांच्या यातना सतत ऐकून कार्यकर्त्याला स्वतःला जडणारी निद्रानाश, चिडचिड, बधिरता यांसारखी लक्षणे ‘दुय्यम आघात’ या संज्ञेने ओळखली जातात. विद्यार्थिदशेत क्षेत्रकार्याच्या जोडीने अनुभवी पर्यवेक्षकाशी नियमित चर्चा होते. नोकरीत मात्र ही सोय बहुधा वरिष्ठाच्या मर्जीवर राहते, आणि कसलेले कार्यकर्ते काम सोडून जातात ते पुष्कळदा याच टप्प्यावर.